बचत गटाचा माईक

आज स्टुडिओत पाऊल टाकल्याबरोबर मला हातातल्या बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या. समोरचा हा माईक कंडेन्सर जातीचा आहे. बांगडीची किणकिणच काय, कागद उलटला तरी त्याला ऐकू जातं. बंद खोलीत तो गुणाचा; आपल्या मंडपात मात्र तो गाणारीच्या आवाजाबरोबर पंखा, झांजा आणि रडणारं पोर, सगळंच उचलून स्पीकरवर घालेल.

माईकचा धडा आम्ही पैसे घालवून शिकलो. आमच्या गटातल्या अकरा जणी भजनही म्हणतात. स्पीकर आणि अॅम्प्लिफायर शेजारचं मंडळ देतं, माईक मात्र आपला आणा म्हणतं. भाड्याच्या माईकला दर कार्यक्रमाला दोनशे रुपये जायचे, म्हणून आम्ही साडेसहाशेचा एक चकचकीत माईक घेतला. महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत किती गर्दी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथून जवळच आमचं भजन होतं. आमच्या सर्वांत वडील काकूंनी अभंग सुरू केला, दुसऱ्या कडव्याला माईक खरखरला आणि बंद पडला. काकू आपल्या गातच राहिल्या, पण दोन हातांपलीकडे कुणालाही काही ऐकू येईना. त्यानंतर दोन महिने त्या भजनाला आल्या नाहीत. "माझा आवाजच गेला आता," म्हणायच्या. आवाज गेला नव्हता हो! माईकच्या बुडातून निघणारी वायर आतून तुटली होती. ती माईकलाच कायमची जोडलेली, त्यामुळे बदलताही येईना.

नवा माईक घ्यायचा म्हटल्यावर बैठकीत वाद झाला. एका ताईंना मुलीच्या फीसाठी कर्ज हवं होतं. त्या म्हणाल्या, "गाण्यावर कसले पैसे घालता?" त्यांचं चूक नव्हतं. आधी फीचं कर्ज दिलं आणि माईक पुढच्या महिन्यावर ढकलला. तेवढ्या दिवसांत मी चार साउंडवाल्यांना विचारून घेतलं.

सगळ्यांनी एकच सांगितलं, डायनॅमिक घ्या. त्यात एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि एक लोहचुंबक, एवढंच असतं. बॅटरी लागत नाही, आणि हातातून पडला तरी बहुधा काही होत नाही. अमेरिकेतल्या शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माईक १९६६ साली आला आणि आजही जगभरच्या गायकांच्या हातात दिसतो, तो याच जातीचा. पण त्याची किंमत दहा हजारांच्या आसपास. तोच कुणी हजारात देऊ लागला तर समजा नक्कल आहे. डुप्लिकेट म्हटलं की लोक उगाच आपल्या उल्हासनगरकडे बोट दाखवतात; ऑनलाइन मागवलं तर डुप्लिकेट घरपोचही येतं. आपल्याला एवढ्या महागाची गरज नाही. आहुजासारख्या देशी कंपन्यांचे किंवा बेरिंजरचे साधे डायनॅमिक माईक एक ते तीन हजारांत मिळतात आणि भजनाला पुरतात.

दुकानात "एक्सएलआरचा द्या" म्हणा. म्हणजे माईकच्या बुडाशी तीन पिना असतात आणि वायर वेगळी निघते. वायर तुटली तर वायरच बदलायची. शिवाय मिक्सरलाही तशीच तीन पिनांची जागा असेल, तर लांब वायरीतूनही घूं-घूं कमी येते.

आणि "हॅलो, हॅलो, चेक" करून माईक घेऊ नका. त्याने काही कळत नाही. गटातल्या सगळ्यांत बारीक आवाजाच्या बाईला बरोबर न्या. आम्ही काकूंना नेलं, बळेच. दुकानदाराला आवाजाचं बटण एका जागी ठेवायला सांगितलं आणि त्यांना तीन माईकवर एकच ओळ गायला लावली. शेजारी मी झांजा वाजवत होते. गिऱ्हाइकं बघत होती, बघेनात का! "प", "फ", "भ" म्हणताना धप्प आवाज येतो का तेही ऐका. पिनेपाशी वायर हलवून बघा, खरखर आली तर ठेवून द्या. बिनवायरीचा माईक मला स्वतःला नको वाटतो. स्वस्तातला घेतला तर ऐन आरतीत त्याचा सेल संपतो.

आमचा माईक आणि वायर मिळून दोन हजार नऊशे झाले. भाड्याच्या हिशोबाने पंधरा कार्यक्रमांत फिटतात.

वापरताना जाळी मुठीत धरू नका, दांडा धरा. हा माईक समोरचं ऐकतो, पाठीमागचं फार कमी. जाळी झाकली की तो सगळीकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे ठेवा, तोंड श्रोत्यांकडे करून. ओठापासून दोन-चार बोटं अंतर पुरे. फार जवळ घेतला तर आवाज जाड होतो, दूर नेला तर झांजाच ऐकू येतात. आणि कार्यक्रम झाल्यावर वायर हाताच्या कोपराभोवती ताणून गुंडाळू नका, सैल वेटोळी करा. महिन्यातून एकदा जाळी फिरवून काढा, आतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत अगदी कोरडा वाळवा. इतक्या जणींचं तोंड लागतं त्याला.

माईक सध्या काकूंच्या कपाटात असतो, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. दुसऱ्या गटाला हवा असेल तर शंभर रुपये भाडं, आणि वायर कशी गुंडाळायची ते काकू आधी करून दाखवायला लावतात.