सैनिकाचा वैद्य सैनिक



'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' ही म्हण आपण सगळेच वापरतो. युद्धावरून परतलेला, मनाने खचलेला शिपाई वैद्यापुढे बसतो, तेव्हा त्याच्या ओठांवर हीच म्हण निराळ्या शब्दांत येते. "डॉक्टरसाहेब, तुम्ही तिथे नव्हता." एवढे बोलून तो गप्प होतो. मग जो तिथे होता, अशा माजी सैनिकालाच मन बरे करण्याची विद्या का शिकवू नये? प्रश्न सरळ दिसतो. परंतु माझ्या मते ती म्हण अर्धीच खरी आहे, आणि उरलेले अर्धे भरून काढणे हे समाजाचे काम आहे. आज मला एवढेच मांडायचे आहे.

प्रथम एका माणसाची हकीकत सांगतो. विल्फ्रेड बिऑन हा इंग्रज आपल्याच देशात, मथुरेला, १८९७ साली जन्मला. पहिल्या महायुद्धात तो रणगाडा-दलात अधिकारी होता. १९१७ साली कांब्रेच्या लढाईत त्याने पराक्रम केला व त्याबद्दल त्याला मानाचे पदकही मिळाले. युद्ध संपले, पण त्याच्या मनातले संपले नाही. तो आधी ऑक्सफर्डला इतिहास शिकला, पुढे लंडनला वैद्यक शिकला आणि वैद्यकीची सनद हाती पडायला १९३० साल उजाडले. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयात मनाने खचलेले शिपाई त्याच्या हाती आले, तेव्हा त्याने त्यांचे गट पाडले आणि आपल्या अडचणी गटानेच न्याहाळाव्यात, असा प्रयोग केला. प्रयोग जेमतेम सहा आठवडे चालला. पण गटोपचाराच्या इतिहासात त्याचे नाव आजही निघते. आता हिशेब करा. रणांगण सोडल्यापासून सनद मिळेपर्यंत मध्ये बारा वर्षे गेली. अनुभव १९१८ सालीच पदरी होता. विद्या यायला वेळ लागला.

ही बारा वर्षे प्रत्येकाला परवडतील काय? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेपुढे हाच प्रश्न उभा राहिला. रुग्णालये मनोरुग्ण सैनिकांनी भरली होती आणि त्यांच्यावर उपचार करणारी शिकलेली माणसे मोजकीच होती. जून १९४४ मध्ये त्या देशाने परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा कायदा केला होता. त्यापाठोपाठ १९४६ साली माजी सैनिकांच्या खात्याने २२ विद्यापीठांशी करार करून सुमारे २०० विद्यार्थी घेतले व त्यांना रुग्णचिकित्सेचे मानसशास्त्र शिकवण्यास आरंभ केला. अर्धा वेळ विद्यापीठात अभ्यास, अर्धा वेळ खात्याच्या रुग्णालयात काम, आणि त्या कामाचे वेतन! शिकता शिकता घर चालावे, ही यातली खरी शहाणपणाची गोष्ट. त्या विद्यार्थ्यांत कित्येक नुकतेच गणवेष उतरवून आलेले होते.

पुढे व्हिएतनामचे युद्ध आले. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तिथून परतलेले तरुण एकत्र बसून एकमेकांशी बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शातान हे दोन मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले, ते गुरू म्हणून नव्हे, बरोबरीचे म्हणून. या बैठकींतून जे कळले त्याचा पुढे उपयोग झाला. १९७९ साली सरकारने गावोगावी सल्लाकेंद्रे उघडण्याचा कायदा केला, आणि तिथे समोर बसणारा सल्लागार पुष्कळदा स्वतःच माजी सैनिक असे. १९८० साली या व्याधीला वैद्यकाच्या ग्रंथात आघातोत्तर ताणविकार असे अधिकृत नाव मिळाले.

श्रोतेहो, आता म्हणीचे उरलेले अर्धे. ज्याने युद्ध पाहिले त्याला दुसऱ्याचे युद्ध आपोआप कळते, हा भ्रम आहे. रुग्ण दोन वाक्ये बोलतो न बोलतो तोच, "माझेही अगदी असेच झाले होते," असे म्हणणारा समोरच्याचे तोंड बंद करतो. शिवाय दुसऱ्याची जखम धुताना आपली जुनी जखम उघडी पडते. दिवसभर स्फोटांच्या आणि मेलेल्या सोबत्यांच्या हकीकती ऐकून हा माणूस घरी जातो, तेव्हा त्याचे कोणी ऐकायचे? म्हणून अशा विद्यार्थ्याला पुस्तकांइतकाच अनुभवी गुरूचा सहवास हवा. त्याच्याजवळ दर आठवड्याला मन मोकळे करता आले पाहिजे. गरज पडली तर स्वतः उपचार घेण्याची मोकळीक हवी, आणि त्यात कमीपणा वाटता कामा नये.

पैशाचेही तसेच. अमेरिकेच्या सध्याच्या कायद्याने माजी सैनिकाला साधारणतः ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. त्यातला बहुतेक पदवीतच संपतो. सल्लागार होण्यास त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण लागते, आणि परवाना मिळण्याआधी देखरेखीखालची उमेदवारी लागते. ती उमेदवारी अनेकदा बिनपगारी असते वा अल्प पगाराची. पस्तिशीचा, बायकामुले असलेला माणूस नेमका या शेवटच्या पायरीवर गळतो. मदत द्यायची तर पहिल्या पायरीवर हार घालून चालत नाही. शेवटच्या पायरीवर हात द्यावा लागतो.

आपल्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. सातारा-कोल्हापूरकडची गावे पाहा. जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन येतो आणि बहुधा कुठल्यातरी दारावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. त्याच्या अंगची शिस्त तेवढी आपण विकत घेतो, त्याने जे सोसले ते वाया घालवतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी दूरध्वनीवरून मानसिक आधार देणारा टेलिमानसचा कक्ष सुरू झाला. पाऊल चांगलेच आहे. पण गावातल्या जवानाने तो दूरध्वनी उचलावा, यासाठी त्याच्या ओळखीचा, त्याच्याच भाषेत बोलणारा, पलटणीत राहून आलेला आणि रीतसर शिकलेला माणूस तालुक्याला असता तर? दोन-तीन वर्षांची शिष्यवृत्ती, उमेदवारीचे वेतन आणि एक चांगला गुरू, एवढ्यावर असा माणूस घडू शकतो.

'जावे त्याच्या वंशा' हे शिपायाने केव्हाच केले आहे. तो जाऊन आला. आता त्याला शिकवण्याचे काम न गेलेल्यांचे, म्हणजे तुमचे आणि माझे आहे.