प्रतिपिंडांची जनुके आणि मानवी लोकसमूह

प्रतिपिंड हे बी-पेशींनी घडवलेले प्रथिन. विषाणूच्या, जिवाणूच्या किंवा त्याने सोडलेल्या विषाच्या एखाद्या भागाला नेमके जाऊन चिकटायचे, हे त्याचे काम. माणसाच्या जनुकसंचात प्रथिने घडवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. एकाच माणसाचे शरीर घडवू शकेल अशा प्रतिपिंडांचे प्रकार मात्र कोट्यवधी. इतक्या थोड्या जनुकांतून एवढी विविधता निघते कशी, हे कोडे कित्येक दशके सुटत नव्हते. १९७६ साली बाझेल येथे सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी ते सोडवले. प्रतिपिंडाचे जनुक जन्मतः अखंड नसतेच. त्याचे तुकडे वारशाने येतात आणि प्रत्येक बी-पेशी घडताना ते नव्याने जोडले जातात. या शोधासाठी तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी जड साखळीचे तुकडे १४व्या गुणसूत्राच्या टोकाशी आहेत. त्यांचे व्ही, डी आणि जे असे तीन गट पडतात. कामाचे व्ही तुकडे सुमारे चाळीस, डी तेवीस आणि जे सहा. प्रत्येक गटातला एकेक तुकडा उचलून जोडला, तरी साडेपाच हजारांच्या आसपास जुळण्या होतात. सांध्यांवर डीएनएची काही अक्षरे गळतात, काही नवी भरली जातात आणि विविधता अनेक पटींनी वाढते. हलक्या साखळीचे तुकडे दुसऱ्या आणि २२व्या गुणसूत्रावर असतात. संसर्ग झाल्यावर बी-पेशी आपल्या या जनुकात आणखी बदल करून घेते आणि चिकटण्याची ताकद वाढवते. ही सगळी यंत्रणा साऱ्या मानवजातीत एकच आहे. वारशाने मिळणारे तुकडे मात्र सर्वांना सारखे मिळत नाहीत. कोणाकडे एखाद्या तुकड्याचे एक रूप असते, कोणाकडे दुसरे. कोणाकडे तोच तुकडा दोनदा असतो, तर कोणाकडे मुळीच नसतो. या रूपांचे प्रमाण निरनिराळ्या लोकसमूहांत निरनिराळे असते.

हा फरक डीएनए वाचता येण्याच्या पुष्कळ आधी लक्षात आला होता. स्वीडनमधील रूने ग्रुब यांनी १९५६ मध्ये दाखवले की, माणसांच्या आयजीजी या वर्गातील प्रतिपिंडांत आनुवंशिक खुणा असतात आणि संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तद्रवाच्या साहाय्याने त्या ओळखता येतात. या खुणांना जीएम हे नाव पडले. त्या जड साखळीच्या स्थिर भागावर असतात आणि गटागटाने एकत्र वारशात येतात. पुढची तीस वर्षे मानववंशशास्त्रज्ञांनी जगभर जीएम खुणा मोजल्या. जपानमधील हिदेओ मात्सुमोतो यांनी त्यांच्या आधारे पूर्व आशियातील लोकांच्या स्थलांतरांचा माग काढला आणि जपानी लोकांचे मूळ बैकाल सरोवराच्या परिसरात असावे, अशी मांडणी केली. एका जनुकसमूहावरून एवढा लांबचा इतिहास सांगणे आज धाडसाचे वाटते. तरीही त्या काळात हाती असलेल्या साधनांमध्ये जीएम खुणांइतके बारकाईने लोकसमूह वेगळे दाखवणारे साधन क्वचितच होते.

जीएमनेच या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा दिला. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पिमा आणि पापागो या आदिवासी समाजांत मधुमेह फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १९८८ साली विल्यम नोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ४,९२० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीएमचा एक विशिष्ट गट ज्यांच्याकडे होता त्यांच्यात मधुमेह सुमारे ८ टक्के, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यात सुमारे २९ टक्के. या आकड्यांवरून प्रतिपिंडाचे हे जनुक मधुमेहापासून राखते, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. परंतु तो जीएम गट मूळचा युरोपीय लोकांतला आहे. तो ज्यांच्याकडे होता, त्यांच्या पूर्वजांत युरोपीय रक्त मिसळलेले होते. किती पूर्वज आदिवासी होते यानुसार माणसांची विभागणी करून पुन्हा मोजले, तेव्हा तो मोठा फरक जवळपास नाहीसा झाला. जीएम ही वंशाची खूण होती, रोगाशी तिचा थेट संबंध नव्हता. लोकसमूहांची तुलना करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला हे उदाहरण तोंडपाठ असायला हवे. समूहात आढळणारे जनुक आणि समूहात आढळणारा रोग शेजारी शेजारी ठेवले म्हणजे कारण सापडत नाही.

जीएम खुणा प्रतिपिंडाच्या स्थिर भागाच्या. रोगजंतूला चिकटणारा भाग व्ही तुकड्यांतून येतो आणि तो वाचणे त्याहून कितीतरी अवघड ठरले. कारण हा प्रदेशच एकमेकांच्या नकलांनी भरलेला आहे. उत्क्रांतीत तुकडे दुपटत गेले, काही निकामी होऊन तसेच पडून राहिले. शेजारचे दोन तुकडे इतके सारखे असतात की, डीएनएचे छोटे छोटे भाग वाचून जोडणाऱ्या संगणकाला कोणता भाग कुठला ते कळत नाही. क्योतोमधील फुमिहिको मात्सुदा, तासुकु होन्जो आदींनी १९९८ मध्ये जड साखळीच्या व्ही प्रदेशाचा सुमारे दहा लाख अक्षरांचा पूर्ण क्रम प्रसिद्ध केला. ते मोठे काम होते. पण तो क्रम एकाहून अधिक गुणसूत्रांचे भाग जोडून तयार झाला होता, त्यामुळे कोणत्याही एका माणसाचा तो नव्हता.

ही अडचण २०१३ मध्ये कोरी वॉटसन, फेलिक्स ब्रेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओलांडली. त्यांनी द्राक्षगर्भाचा डीएनए वापरला. अशा गर्भात केवळ पित्याकडून आलेला एकच संच दुपटलेला असतो, त्यामुळे दोन निराळ्या गुणसूत्रांची सरमिसळ होत नाही. त्या एका गुणसूत्रातच आधी न नोंदवलेली एक लाखाहून अधिक अक्षरे सापडली आणि त्यांत कामाची व्ही जनुकेही होती. पुढे त्यांनी मोठे भाग गळण्याची किंवा दुपटण्याची चार ठिकाणे घेऊन नऊ लोकसमूहांतील ४२५ जणांची तपासणी केली. चारही ठिकाणी समूहांमध्ये ठळक फरक होता, आणि तो सर्वांत जास्त आफ्रिकी व आशियाई समूहांमध्ये होता. माणसाचा जनुकसंच वाचून झाल्याची घोषणा होऊन दहा वर्षे लोटली होती, तरी जनुकांचा हा प्रदेश अर्धवटच राहिला होता.

या फरकांचा आरोग्याशी संबंध काय, हे काही मोजक्या उदाहरणांवरून चांगले कळते.

अमेरिकेतील नवाहो समाजात लहान मुलांना हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या जिवाणूमुळे होणारा मेंदूज्वर इतरांपेक्षा पाच ते दहा पटींनी अधिक होत असे. १९९६ मध्ये ॲन फीनी यांच्या गटाने दाखवले की, या जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांत वारंवार वापरल्या जाणाऱ्या हलक्या साखळीच्या एका तुकड्याचे सदोष रूप नवाहोंमध्ये आढळते. दोष प्रथिनात नव्हता. तुकडे जोडताना जी खूण पाहून पेशी कापणी करते, तीच बिघडलेली होती. त्यामुळे तो तुकडा फार कमी वेळा निवडला जाई. हे निरीक्षण प्रसिद्ध होण्याच्या आधीच, १९९१ मध्ये, मथुराम संतोषम यांनी नवाहो बालकांत संयुग्मित लशीची यशस्वी चाचणी पूर्ण केली होती. लशीने रोग आटोक्यात आणला, तुकडा सदोष असूनही. शरीराला दुसऱ्या वाटा उपलब्ध असतात, आणि चांगली लस त्या उघडते.

दुसरे उदाहरण प्रशांत महासागरातले. संधिवाती हृदयविकार घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर होतो आणि त्यात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा हृदयाच्या झडपा बिघडवते. २०१७ मध्ये ओशनियातील आठ देशांमधल्या २,८५२ लोकांचा जनुकसंच तपासला गेला. जड साखळीच्या आयजीएचव्ही ४-६१ या व्ही तुकड्याचे ०२ क्रमांकाचे रूप अंगी असले, तर त्याच्या प्रत्येक प्रतीमागे धोका सुमारे १.४ पट वाढतो, असे दिसले. त्या अभ्यासात मेलानेशियन आणि पॉलिनेशियन लोकांबरोबर दक्षिण आशियाई वंशाचे लोकही होते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील आदिवासींच्या त्याच वर्षीच्या अभ्यासात मात्र प्रतिकारयंत्रणेच्याच एचएलए या दुसऱ्या जनुकसमूहाकडे बोट गेले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. एका रोगाचा धोका वाढवणारी जनुके प्रत्येक समूहात तीच असतील, असे गृहीत धरता येत नाही. भारतात हा आजार आजही गरीब घरांतल्या मुलांची हृदये निकामी करतो, म्हणून हे काम भारतीय अभ्यासकांच्या जिव्हाळ्याचे असायला हवे.

लशींच्या आखणीत हा विषय आता थेट येऊन पोहोचला आहे. एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना निष्प्रभ करणाऱ्या व्हीआरसी०१ वर्गातील प्रतिपिंडांना आयजीएचव्ही १-२ हा तुकडा लागतो, तोही ठरावीक रूपांतला. त्या रूपांत ५०व्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते. काही रूपांत तिथे आर्जिनीन असते आणि मग पकड बसत नाही. अशा प्रतिपिंडांच्या मूळ पेशींना जागे करण्यासाठी विल्यम शीफ यांच्या गटाने एक लस घडवली. तिची पहिली मानवी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०२२ मध्ये निकाल आले. लस घेतलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत अपेक्षित प्रतिसाद दिसला. उरलेल्या एका व्यक्तीकडे आवश्यक रूपांपैकी एकही नव्हते. त्यानंतर रवांडा आणि दक्षिण आफ्रिकेतही चाचणी झाली, आणि ते योग्यच होते. एचआयव्हीचा सर्वांत मोठा भार जिथे आहे तिथल्या लोकांच्या जनुकांत ती रूपे किती आढळतात, हे आधी पाहिलेच पाहिजे.

इन्फ्लुएंझाची गोष्ट याच जातीची. विषाणूच्या हिमॲग्लुटिनिन या प्रथिनाच्या देठाला पकडणारी प्रतिपिंडे बहुधा आयजीएचव्ही १-६९ या तुकड्यापासून बनतात. त्याच्या ५४व्या जागी काही लोकांत फेनिलॲलनिन असते, काहींत ल्युसीन. फेनिलॲलनिन असलेले रूप या कामाला अधिक उपयोगी पडते. दोन्ही रूपांचे आणि या तुकड्याच्या प्रतींचे प्रमाण समूहासमूहांत बदलते, असे २०१६ मध्ये दाखवले गेले.

काही फरक तर आधुनिक मानवाच्याही पलीकडून आलेले आहेत. आयजीजी-४ च्या जनुकाजवळचा एक भाग निअँडरथल मानवाकडून आला असून आग्नेय आशियात, विशेषतः चीनमधील दाई आणि व्हिएतनाममधील किन्ह लोकांत, तो निवडीच्या रेट्याने झपाट्याने पसरला, असे २०२१ मधील एका अभ्यासातून पुढे आले. कोणत्या रोगाने तो पसरवला, हे शोधण्याजोगे आहे.

एवढे फरक सांगितल्यावर एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगणे भाग आहे. हे फरक प्रमाणाचे आहेत, प्रकाराचे नाहीत. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट आणि प्रथिनांच्या आधारे दाखवले की, मानवी जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग प्रत्येक लोकसमूहाच्या आतच सामावलेला असतो. प्रतिपिंडांच्या जनुकांत काही ठिकाणी समूहांतील अंतर सरासरीपेक्षा जास्त असले, तरी शेजारच्या घरातील दोन माणसांकडेही वेगवेगळे तुकडे असतात. म्हणून डॉक्टरने माणसाची जात, धर्म किंवा प्रांत पाहून त्याच्या प्रतिपिंडांबद्दल अंदाज बांधणे अशास्त्रीय ठरेल. दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांच्या २०१५ च्या अभ्यासानेही हेच बजावले. त्यांच्यात पूर्वी न नोंदवलेली अनेक रूपे सापडली, पण एचआयव्हीला व्यापकपणे रोखणारी प्रतिपिंडे घडवण्याची क्षमता वारशाच्या तुकड्यांनी अडवलेली दिसली नाही.

उरतो प्रश्न नोंदींचा, आणि खरी उणीव तिथेच आहे. प्रतिपिंडांच्या जनुकांची जागतिक सूची म्हणून आयएमजीटी हा कोश १९८९ पासून माँपेलिए येथे चालवला जातो. त्यातील रूपे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांकडून आली. २०११ मध्ये पापुआ न्यू गिनीतील लोकांचा डीएनए वाचला, तेव्हा लगेच नवी रूपे आणि एक नवे जनुक हाती लागले. २,५०४ लोकांचा 'थाउजंड जीनोम्स' प्रकल्प २०१५ मध्ये पूर्ण झाला, पण त्यातील डीएनए बहुतांशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या बी-पेशींचा होता. बी-पेशीत हे तुकडे आधीच कापून जोडलेले असतात. वारशाने आलेला मूळ प्रदेश तिथे शाबूत राहत नाही. त्या प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच समूह होते. गुजराती नमुने ह्यूस्टनमधून घेतले, तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ नमुने ब्रिटनमधून, पंजाबी लाहोरमधून, बंगाली बांगलादेशातून. मराठी भाषकांचा समूह त्यात नव्हता.

'जीनोम इंडिया'ने सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून त्यांची माहिती २०२५ मध्ये अभ्यासकांसाठी खुली केली, ही आनंदाची बाब आहे. मात्र छोट्या तुकड्यांच्या वाचनातून प्रतिपिंडांचा प्रदेश नीट उलगडत नाही. २०२३ मध्ये १५४ लोकांच्या या प्रदेशाचे लांब तुकड्यांनी वाचन झाले आणि बहुसंख्य प्रतिपिंड जनुकांचा वापर वारशाने मिळालेल्या फरकांनुसार कमी-अधिक होतो, हे सिद्ध झाले. तसे वाचन येथेही हवे. सह्याद्री आणि सातपुड्यातील आदिवासी समाज, कोकण, विदर्भ, मराठवाडा आणि गोवा येथील लोकांचे नमुने, त्यांची समजून-उमजून दिलेली संमती घेऊन, लाळेतून किंवा बी-पेशी वगळलेल्या रक्तातून जमवावेत. त्याच माणसांची प्रतिपिंडेही सोबत मोजावीत. आणि सापडलेले प्रत्येक नवे रूप जागतिक सूचीत नोंदवावे. येथील प्रयोगशाळांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावे, अशी आग्रहाची विनंती आहे.