परदेशी विद्यार्थ्याची दिनचर्या



आजच्या विषयाची पाटी वाचून काही मंडळी प्रवासवर्णन ऐकण्याच्या इराद्याने आली असतील, तर त्यांची थोडी निराशा होणार आहे. आल्प्सची शिखरे, ऱ्हाईनचा काठ, जुने किल्ले ही सगळी तिथे आहेत आणि सुंदरही आहेत; पण तिथे शिकायला गेलेल्या मुलाच्या वाट्याला ती वर्षातून फार तर आठ-दहा दिवस येतात. घरच्यांना फोटो येतात ते याच आठ-दहा दिवसांचे. बाकीचे साडेतीनशे दिवस तो भांडी घासतो, सायकल हाकतो, ग्रंथालयात बसतो आणि महिन्याचा हिशेब जुळवतो. त्या फोटो नसलेल्या दिवसांविषयी आम्हांला आज बोलायचे आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरचा कोणी ना कोणी तिकडे आहे, किंवा जायच्या तयारीत आहे, म्हणून हे बोलणे अगदीच अनाठायी होऊ नये.

युरोप मोठा आहे, तेव्हा आम्ही जर्मनीपुरतेच बोलतो. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे भारतातून गेलेले विद्यार्थी सुमारे ४९ हजार होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वांत मोठी होती. आमचे गाव होते गॉटिंगेन. फ्रँकफुर्टहून आगगाडीने दोन तासांच्या आत पोचता येते. गाव लहान, विद्यापीठ १७३७ सालचे; गाउस आणि हिल्बर्ट या गणितज्ञांची ही कर्मभूमी. रस्त्यावर दर पाच माणसांमागे साधारण एक विद्यार्थी, आणि बहुतेक सगळे सायकलवर. जुन्या नगरभवनासमोर हंस घेतलेल्या एका मुलीचा पुतळा १९०१ पासून उभा आहे. डॉक्टरेट मिळालेल्याने कारंज्यावर चढून तिचे चुंबन घ्यायचे आणि तिला फुले वाहायची, असा तिथला रिवाज आहे. आपल्याकडे पेढे वाटतात, तसेच हे!

मराठी माणसाचा या गावाशी संबंध जुना आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ पासून संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुढे याच गॉटिंगेनला प्राध्यापक झाले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती अजून अभ्यासकांच्या हाताशी असते. पुण्यातल्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण शिकलेला तो जर्मन गृहस्थ. त्याने आपल्याकडचे जेवणखाण, उन्हाळा, दिवाणखान्यातली मांडी हे सगळे कसे निभावून नेले असेल, असा विचार तिथल्या थंडीत आमच्या मनात अनेकदा येई. शिकायला परगावी गेलेल्याची अडचण बहुधा व्याकरणात नसते, मांडीत असते.

आता पैशाचे बोलू. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, हे खरे आहे. बाडेन-वुर्टेम्बर्गसारख्या प्रांतात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. पण शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असा अर्थ काढून काही कुटुंबे फसतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे आपल्या चलनात अकरा-बारा लाख रुपये. त्यातून दरमहा ९९२ युरोच मुलाच्या हाती पडतात. खोलीचे भाडे, सक्तीचा आरोग्यविमा आणि फोन वजा केला की जे उरते त्यात महिना काढायचा. घरी बापाने शेत किंवा फ्लॅट गहाण टाकून कर्ज काढलेले असते, त्यामुळे पहिले सहा महिने प्रत्येक कॉफीचा रुपयांत गुणाकार होतो. कॉफी पिणे सुटते, गुणाकार सुटत नाही!

नोकरी करता येते. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि २०२५ साली ताशी किमान वेतन १२.८२ युरो होते. प्राध्यापकाच्या हाताखाली साहाय्यकाचे काम मिळाले तर भाग्यच. नाही तर गोदामात खोकी उचलणे, उपाहारगृहात ताटल्या विसळणे. यात कमीपणा काही नाही. शेजारचा जर्मन मुलगाही तेच करतो. मात्र पहाटे चारच्या पाळीला गोदामात गेलेला मुलगा सकाळी दहाच्या तासाला वर्गात असला, तरी जागा असेलच असे नाही. ही गोष्ट पुढे आठवणीत ठेवा.

मुक्कामाला पोचल्यावर पहिले काम म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवणे. घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत ते करावे लागते. दुसरे काम त्याहून साधे आणि त्याहून महत्त्वाचे: टपालपेटीवर आपले नाव चिकटवणे. तिथे बँक, विमा, सरकारी कचेरी ही सगळी मंडळी अजून कागदी पत्रांवर विसंबून असतात, आणि टपालवाला पेटीवरचे नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आपली आडनावे लांब, पेटीवरची पट्टी चिमुकली. मग कुणाचे अर्धे गाव गळते, कुणाचा 'कर' गळतो. आपल्याकडे माणूस नवा राहायला आला की शेजारीण विरजण मागायला येते आणि त्याची नोंदणी आपोआप होते. तिथे ती पट्टी हीच तुमची शेजारीण.

वसतिगृहात आम्ही सहाजण एका स्वयंपाकघराचे भागीदार होतो. शीतकपाटाचा एकेक कप्पा एकेकाचा, त्यावर खोलीचा क्रमांक. दुसऱ्याच्या कप्प्यातले दूध घेणे हा तिथे खरोखरीचा अपराध समजला जातो. भांडी घासण्याची, ओटा पुसण्याची, कचरा खाली नेण्याची पाळी भिंतीवर लिहिलेली. कचरा म्हणजेही एक शास्त्र आहे. कागद वेगळा, वेष्टने वेगळी, भाजीची देठे वेगळी, काच रंगाप्रमाणे वेगळी. आणि रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत केल्या की प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट हाती येतात. आपल्या घरात आयुष्यात कधी केर न काढलेला मुलगा महिनाभरात हे सगळे बिनचूक करू लागतो. त्याच्या आईला हे फोनवर सांगितले तर ती विश्वास ठेवत नाही, आणि ठेवला तर तिला थोडे वाईटही वाटते.

स्वयंपाकाचे म्हणाल तर दुपारचे जेवण विद्यापीठाच्या भोजनालयात, ज्याला तिथे 'मेन्झा' म्हणतात. बटाट्याचे इतके अवतार आम्ही अन्यत्र पाहिले नाहीत. मसुरीचे दाट सूप मिळाले की त्यावर थोडे तिखट भुरभुरून त्याला आमटी म्हणायचे, हा आमचा संकेत होता. रात्री मात्र कुकर. तूरडाळ, कणीक, पोहे आशियाई दुकानात मिळतात. खरी अडचण फोडणीची. मोहरी तडतडली, मिरची पडली, की छतावरचे धूरसूचक यंत्र किंचाळू लागते. एका रात्री त्याच्यापायी सारी इमारत चपला घालून अंगणात उभी राहिली होती. त्यानंतर खिडकी उघडून, उणे तापमानात, फोडणी करण्याची कला आम्ही साध्य केली.

रविवारी दुकाने बंद. त्या देशाच्या राज्यघटनेतच रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले ते कलम १९४९ च्या घटनेत तसेच आणून ठेवले. शनिवारी रात्रीपर्यंत तांदूळ आणायचे राहिले तर सोमवारपर्यंत वाट पाहा. त्यातून डिसेंबरातला रविवार असला म्हणजे पाहायला नको. सकाळी सव्वाआठनंतर उजाडते आणि दुपारी सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. रस्त्यावर माणूस नाही, दारावर कोणी येत नाही. घरी साडेचार तास पुढची वेळ. आई-वडील जेवून झोपायच्या बेतात. व्हिडिओ कॉलवर दोन ठरलेले प्रश्न येतात: "जेवलास का?" आणि "थंडी फार आहे का रे?" दोन्हींची उत्तरे मुलगा खरी देतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिथला तास सव्वादहाला सुरू होतो. वेळापत्रकात दहा लिहिलेले असते, पण पंधरा मिनिटांची ही सवलत शेकडो वर्षांची परंपरा आहे. व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवीत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकांवर टकटक करतात. प्राध्यापक बहुधा हजेरी घेत नाहीत. घटक चाचणी नाही, पालकसभा नाही. वही तपासायला कोणी मागत नाही. सत्राच्या अखेरीस एक परीक्षा, आणि तिला बसायचे की नाही याची नोंदही विद्यार्थ्याने स्वतःच ठरल्या मुदतीत करायची. गुणांची रीत उलटी: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे कसाबसा उत्तीर्ण, ५.० म्हणजे गेला.

हे स्वातंत्र्य आपल्या मुलांना पहिल्या सत्रात फार गोड वाटते. ज्याला बारा-पंधरा वर्षे शिकवणी, गाइड, अपेक्षित प्रश्नसंच यांच्या कुबड्यांवर चालवले, त्याच्या कुबड्या एका दिवसात काढून घेतल्या, तर तो धावू लागेल की पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि इथे आमच्या बहुतेक पालकांना ठाऊक नसलेला एक नियम आहे. एका विषयाला बसण्याच्या संधी मोजक्या असतात, बहुतेक ठिकाणी तीन. आवश्यक विषयात तिसऱ्यांदा नापास झालेला विद्यार्थी त्या अभ्यासक्रमातून कायमचा बाद होतो आणि सहसा तोच अभ्यासक्रम त्या देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही त्याला घेता येत नाही. मग राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न उभा राहतो, कारण तो शिक्षणासाठी दिलेला असतो. आपल्याकडे पुरवणी परीक्षेची वारी पुन्हा पुन्हा करता येते; तिथे तिसरे दार बंद झाले की भिंतच.

आमच्या ओळखीचा, दुसऱ्या एका शहरात शिकणारा एक मुलगा असा दोनदा नापास झाला होता. गोदामाची पाळी, कर्जाचा हप्ता आणि 'आपण हुशार' अशी गावभर झालेली प्रसिद्धी, या तिघांच्या मध्ये तो सापडला. सहा महिने तो घरी रोज फोनवर बोलत होता, जेवण आणि थंडी यांविषयी. अवाक्षर खोटे नव्हते. तिसऱ्या परीक्षेची तारीख तेवढी त्याने सांगितली नाही. तिथे विद्यार्थ्यांसाठी मानसिक सल्ल्याची विनामूल्य सोय असते. मित्रांनी त्याला तिथे नेले. सल्लागारीण बाईंनी फार काही केले नाही. त्याने गोदामातले तास अर्ध्यावर आणावेत आणि घरी खरे काय ते सांगावे, एवढेच त्याच्या तोंडून वदवून घेतले.

मग एका रविवारी त्याने फोनवर सांगितले. वडील निवृत्त शिक्षक. ते रागावले नाहीत. परीक्षेच्या नियमांचा कागद त्यांनी मागवून घेतला, शब्दकोश आणि मोबाईलवरचे भाषांतर घेऊन तीन दिवस वाचला, आणि एकच प्रश्न विचारला: "कोणते प्रकरण राहिले आहे?" पुढचे सात आठवडे मुलगा रोज रात्री त्यांना त्या प्रकरणातले एकेक कलम मराठीत समजावून सांगत असे. वडिलांना त्यातले फारसे कळत नव्हते. पण अडलेला शिक्षकाला लगेच ओळखू येतो, विषय कोणताही असो.

परीक्षा झाली. महिन्याभराने निकाल लागला, ३.७. त्याने घरी फोन केला. आईने विचारले, "कितीपैकी?" ते तिला समजावून सांगायला त्याला अर्धा तास लागला.