पदार्थविज्ञानाची उजळणी आणि धास्तावलेलें मन

परीक्षा बारा दिवसांवर आली कीं, अनेक घरांत एकच देखावा दिसतो. टेबलावर पदार्थविज्ञानाचें पुस्तक उघडें असतें, दिवा जळत असतो, पेल्यांतलें दूध निवून गेलेलें असतें. आणि विद्यार्थी तासभर त्याच पानावर खिळलेला असतो. आई विचारते, "झाला का रे अभ्यास?" तो म्हणतो, "चालला आहे." परंतु तो चाललेला नसतो. गुरुत्वाकर्षण उघडावें तों वीज आठवते. वीज काढावी तों भिंगें राहिलीं अशी रुखरुख लागते. या अवस्थेस आळस म्हणणें हा त्या मुलावर अन्याय होय. डोक्यावर ओझें आहे, पण तें किती आहे हें कोणी तोलून पाहिलेलें नाहीं, हेंच त्याचें खरें दुखणें. न तोललेलें ओझें नेहमींच अधिक जड वाटतें.

मोजणें हा तर पदार्थविज्ञानाचा पहिला धडा. म्हणून विद्यार्थ्यानें प्रथम एक कोरा कागद घ्यावा. महाराष्ट्रांत २०१८ सालीं निघालेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १' या पुस्तकाचें उदाहरण पाहावें. त्यांत प्रकरणें अवघीं दहा. त्यांपैकीं गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचें अपवर्तन आणि भिंगें हीं पांच पदार्थविज्ञानाचीं. अवकाश मोहिमा धरल्या तर सहा. "सगळेंच राहिलें आहे" या वाक्याचा अर्थ कागदावर एवढाच ठरतो. मग प्रत्येक नांवापुढें 'येतें', 'अर्धवट येतें' किंवा 'येत नाहीं' असें प्रामाणिकपणें लिहावें. भीतीला असा आकडा मिळाला कीं, तिचा बराचसा जोर ओसरतो.

सूत्रांचेंही तसेंच आहे. विद्युत शक्तीचीं तीन सूत्रें मुलें घोकतात: विभवांतर गुणिले धारा, धारेचा वर्ग गुणिले रोध, आणि विभवांतराचा वर्ग भागिले रोध. वस्तुतः पहिलें एक ध्यानांत असलें आणि ओहमनें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम हाताशीं असला, तर उरलेलीं दोन एकेका ओळींत निघतात. तीं एकदां स्वतःच्या हातानें काढलेल्या मुलाला परीक्षेंत विसरण्याचें भय उरत नाहीं. विसरलीं तरी पुन्हां काढतां येतात.

आतां उजळणीसंबंधींचा एक मोठा गैरसमज. धडा पुनःपुन्हां वाचला म्हणजे उजळणी झाली, असें बहुतेकांस वाटतें. वाचतांना ओळखीच्या ओळी भेटतात आणि मन म्हणतें, हें मला येतें. परंतु ओळखणें निराळें आणि आठवणें निराळें. रस्त्यांत भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखूं येतो, नांव मात्र ओठांवर येत नाहीं, तसेंच हें. अमेरिकेंतील रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनीं २००६ सालीं विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला. कांहींनीं उतारा पुन्हां वाचला. कांहींनीं तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं पाहतां वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारेच पुढें निघाले. तेव्हां पुस्तक मिटावें, आठवेल तें लिहावें, मग पुस्तक उघडून ताडून पाहावें. हीच खरी उजळणी. ती वाचनापेक्षां त्रासाची वाटते. पण उपयोग होतो तो त्या त्रासाचाच.

उदाहरणें सोडवितांनाही हाच नियम. एका बहिर्वक्र भिंगाचें नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे आणि वस्तु १५ सेंटिमीटर दूर ठेवली आहे. प्रतिमा कोठें पडेल? संकेताप्रमाणें वस्तूचें अंतर ऋण धरावें लागतें. मग १/१० मधून १/१५ वजा जाऊन १/३० उरतो, आणि प्रतिमा ३० सेंटिमीटरवर, उलटी व दुप्पट मोठी मिळते. ऋण चिन्ह विसरणाऱ्या मुलाचें उत्तर ६ सेंटिमीटर येतें. त्यानें आधीं किरणाकृति काढली असती, तर वस्तु नाभि आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या मध्यें आहे, अर्थात् प्रतिमा २० सेंटिमीटरच्या पलीकडेंच पडली पाहिजे, हें त्याला दिसलें असतें. आकृति ही अशी राखणदार आहे. चुकलेलें उदाहरण खोडून टाकूं नये. एका लहान वहींत तें टिपून पुढें कारण लिहावें: चिन्ह चुकलें, एकक चुकलें, कीं सूत्रच भलतें घेतलें. चार दिवसांत ध्यानांत येतें कीं, चुका शंभर असल्या तरी कारणें तीनचारच आहेत.

बारा दिवसांची वांटणीही सोपी आहे. पहिले सहा दिवस सहा प्रकरणांना द्यावे, आणि रोज आरंभीं दहा मिनिटें आदल्या प्रकरणांतलें आठवून पाहावें. पुढील चार दिवस सर्व प्रकरणांचीं उदाहरणें मिसळून सोडवावीं. कारण उदाहरण कोणत्या प्रकरणांतलें आहे हें प्रश्नपत्रिका सांगत नाहीं. अकराव्या दिवशीं घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. बाराव्या दिवशीं फक्त ती चुकांची वही, आणि वेळेवर झोप. जागरणानें दोन पानें अधिक वाचून होतील. पण पेंगुळलेल्या डोक्याला सोपें उदाहरणही दगा देतें.

एवढें करूनही छाती धडधडली, तर तें दाबून ठेवूं नये. रामिरेझ आणि बायलॉक यांनीं २०११ सालीं दाखविलें कीं, परीक्षेपूर्वीं दहा मिनिटें आपली काळजी कागदावर लिहून काढल्यास घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात. आणि घरच्या वडील मंडळींनीं "किती टक्के मिळतील?" हा प्रश्न तेवढे बारा दिवस गिळावा. त्याऐवजीं "आज काय सोडविलेंस तें मला समजावून सांग" असें म्हणावें. समजावून सांगतां सांगतां मुलाची उजळणी होते, आणि आपल्याबरोबर कोणी आहे हेंही त्याला कळतें. मूल जेवेनासें झालें, झोपेनासें झालें किंवा निरवानिरवीचें बोलूं लागलें, तर मात्र पुस्तक बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांना गांठावें. २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आणि एखाद्या दुपारीं मुलाला आजोबांचें वाचायचें भिंग घेऊन खिडकीसमोरच्या भिंतीपाशीं उभें करावें. भिंग पुढेंमागें करतां करतां बाहेरचें दूरचें झाड भिंतीवर उलटें, चिमुकलें, पण अगदीं स्पष्ट उमटतें. भिंगापासून भिंतीपर्यंतचें तें अंतर पट्टीनें मोजलें कीं, पुस्तकांतलें नाभीय अंतर जवळजवळ हातांत येतें. धास्तीनें जें पान तासभर उलटत नव्हतें, तें मग आपोआप उलटतें.