दातांची तार आणि आमची बदली

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत, दशाश्वमेध घाटाजवळ झालेले भाषण)



घाटावरची गंगा आरती आटोपून आपण सगळे इथे येऊन बसला आहात आणि समोर एक रुळांचा माणूस दातांवर बोलायला उभा आहे. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा सिव्हिलचा, नोकरी पी-वेची. कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी ‘लाँग वेल्डेड रेल’ सुचवला होता. सेक्रेटरी म्हणाले, “साहेब, बायका-मुलंही येतात हो!” मग हा विषय निघाला. एकदंताच्या मंडपात दातांवर बोलायला हरकत नसावी. जागाही योग्य आहे. सुश्रुताला विद्या देणारा दिवोदास धन्वंतरी हा काशीचाच राजा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. वाग्भटाने तर दातांच्या रोगांत वेड्यावाकड्या दातांसाठी ‘कराल’ असा वेगळा रोगच मोजला आहे. म्हणजे तक्रार जुनीच, अवजारे तेवढी नवी.

आमची कन्या सातवीत असताना नाशिकला तिच्या दातांना तार लावली. वरचे पटाशीचे दात पुढे आलेले, सुळा वर चढलेला. शाळेच्या फोटोत ती ओठ मिटून उभी राहायची. डॉक्टरांनी दोन वर्षे लागतील असे सांगितले. आम्ही हो म्हटले आणि नऊ महिन्यांत माझी बदली झाली. 2023 चा ऑक्टोबर महिना होता. इथे आल्यावर क्वार्टर, शाळा, गॅस, नवा सेक्शन या सगळ्यात दातांचे राहून गेले. दर महिन्याला सौ. आठवण करून देत आणि मी दर महिन्याला “पुढच्या रविवारी” म्हणत असे. असे सात महिने गेले.

मध्यंतरी एक ब्रॅकेट निखळले होते. पोरीने सांगितले नाही, आम्ही पाहिले नाही. तार एका बाजूला सरकली, शेजारचा दात फिरला. ब्रश नीट पोचेना, तेव्हा ब्रॅकेटांच्या भोवती पांढरे डाग पडले. ही कीड लागण्याच्या आधीची पायरी असते. इथल्या डॉक्टरीणबाईंनी आरशाने एकेक दात मला दाखवला आणि नवी तार घालायला साफ नकार दिला. आधी हिरड्यांची सूज उतरू द्या, मग बघू. घरी येताना रिक्षात मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या रुळावर काम अर्धं राहिलं तर तुम्ही कॉशन बोर्ड लावता. माझ्या तोंडात कोणी लावला होता?” मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. त्या दिवसापासून मी हा विषय वाचायला लागलो.

वाचल्यावर कळले की हे आपलेच काम आहे. दात हाडात घट्ट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, आपल्या रूळ-स्लीपरमधल्या रबर पॅडसारखा. दात एका बाजूला हलका दाबून ठेवला की त्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे भरते. जास्त जोर लावल्यास रक्तपुरवठा बंद होऊन काम उलट अडते. आपली पेंड्रोल क्लिप रुळाला 850 ते 1100 किलोने दाबते. दाताला पन्नास ते शंभर ग्रॅमच्या आसपास पुरतात. आणि वेग? महिन्याला साधारण एक मिलिमीटर. यंत्र कितीही नवे आणा, हाड आपल्या चालीने चालते.

मग नवे काय? पहिली गोष्ट तार. पूर्वी स्टीलची तार वाकवून दर भेटीला आवळत, दोन दिवस पोरांना वरण-भातही चावत नसे. आता सुरुवातीला निकेल-टायटेनियमची तार घालतात. हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, म्हणून नाव निटिनॉल. 1970 च्या दशकात तो दातांवर आला. त्याला आपला मूळ आकार आठवतो. थंड असताना मऊ पडतो, वाकड्या दातांमधून सहज ओवता येतो. तोंडाच्या उबेत आला की हळूहळू सरळ होत दातांना बरोबर नेतो. उन्हाने रुळाचे काय होते हे पाहण्यात हयात गेलेल्या माणसाला उबेने सरळ होणारी तार पाहून गंमत वाटते.

दुसरी गोष्ट मोजमाप. पूर्वी तोंडात गुलाबी लगदा भरून साचा घेत, मुले ओकायची. आता पेनाएवढा स्कॅनर दातांवरून फिरवतात आणि पडद्यावर पूर्ण कमान उभी राहते. आपण 20 मीटरची दोरी लावून कर्व्हचा व्हर्साइन मोजायचो आणि मग ट्रॅक रेकॉर्डिंग कार आली, तसेच हे. तिसरी गोष्ट छोटा स्क्रू, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा. पुढचे दात मागे ओढायचे तर मागच्या दाढा पुढे सरकतात. क्रियेला प्रतिक्रिया आलीच. हा स्क्रू काही महिने हाडात बसवून त्याला ओढ देतात. आपल्या रेल अँकरचे काम तो तोंडात करतो.

आणि चौथी, जिची जाहिरात सगळ्यांच्या मोबाइलवर येते, ती पारदर्शक अलायनर. 1997 साली कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली. संस्थापकांपैकी झिया चिश्ती यांना स्वतःच्या दातांची तार निघाल्यावर ही कल्पना सुचली, असे सांगतात. प्लास्टिकच्या पातळ खोळींची मालिका असते. प्रत्येक खोळ दात सुमारे पाव मिलिमीटर हलवते, एक-दोन आठवड्यांनी पुढची. दिवसाचे 20 ते 22 तास घालावी लागते. जेवताना काढायची, पाण्याशिवाय काही प्यायचे नाही. बनारसमध्ये राहून तोंडात पान न ठेवता 22 तास कोण काढणार, हा प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या नुसत्या हसल्या.

माझ्या मेहुण्याने त्याच सुमारास अमेरिकेतून फोन केला. इकडे म्हणे टपालाने अलायनर येतात, डॉक्टरकडे जायलाच नको, घरीच साचा घ्यायचा. मला मोह झाला, खोटे कशाला बोलू? पण त्याच डिसेंबरात, 2023 मध्ये, या धंद्यातली तिथली मोठी कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. त्यांची बातमी वाचताना मला आमच्या घरातले सात महिने दिसत होते. तिथे कंपनी गेली होती, इथे बाप रविवार पुढे ढकलत होता. एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता, मधे कोणी न बघता दात हलवणे म्हणजे गँगमन नसलेल्या सेक्शनवर गाडी सोडणे.

आपल्यापैकी बहुतेक बदलीवाले आहोत, म्हणून एक कामाची गोष्ट नीट सांगतो. तारेचा उपचार चालू असताना बदली निघाली तर टी.सी. आणि गॅसच्या कागदांबरोबर दातांचे कागदही घ्या. सुरुवातीचे फोटो, एक्स-रे, साचा किंवा स्कॅनची फाइल, आणि ब्रॅकेट कोणत्या पद्धतीचे, स्लॉट किती, हे लिहून घ्या. हे शेवटचे मी विसरलो होतो. ब्रॅकेटच्या खाचेची दोन मापे चालतात, 0.018 इंच आणि 0.022 इंच. एकाची जाड तार दुसऱ्यात बसतच नाही. आपली पूर्वोत्तर रेल्वे मूळची मीटर गेजची. त्या गेजची गाडी ब्रॉड गेजवर चालेल का? डॉक्टरीणबाईंनी नाशिकला स्वतः फोन करून माप विचारले, तेव्हा गेज जुळले. सगळी ब्रॅकेट बदलण्याचा खर्च वाचला. आणि बदलीची जागा कळली की घर शोधण्याआधी तिथला ऑर्थोडॉन्टिस्ट शोधा. इथे तर बीएचयूत दंतविज्ञानाचा स्वतंत्र विभागच आहे.

आता रिटेनर. तार निघाली की लोक पेढे वाटतात, पण डीप स्क्रीनिंग झाल्यावर आपण त्याच दिवशी पूर्ण वेगाने गाडी सोडतो का? आधी वीसने, मग हळूहळू वाढवत. हिरडीतल्या तंतूंना नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर लागू शकते, तोवर ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. रिटेनर वापरला नाही तर दोन वर्षांची मेहनत परत. पुष्कळांना तो रात्री पुढेही अनेक वर्षे वापरावा लागतो. तो कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, कचऱ्यात जातो. डबीतच ठेवा.

मघाशी एका काकांनी विचारले, पन्नाशीनंतर होते का? होते, हिरड्या आणि हाड चांगले असले तर. फक्त सावकाश. आणि नातवंडांचे दात पुढे दिसत असतील, अंगठा चोखायची सवय असेल, तर सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवून आणा. तार लगेच लावतीलच असे नाही.

कन्या आता दहावीत आहे. फिरलेला दात जागेवर आला, पांढरे डाग फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. ते जाणार नाहीत असे मला सांगून ठेवले आहे. तार पुढच्या महिन्यात निघेल. ब्रॅकेट असताना सुपारी, कडक चकली, सुके खोबरे वर्ज्य. उकडीचे मोदक चालतात. आज खिरापत वाटायला तीच आहे, दारापाशी उभी. तिच्या वाट्याचे खोबरे गेली दोन वर्षे ती माझ्या हातावर ठेवते. आज शेवटचे, असे तिने मला सकाळीच बजावले आहे.