नखाच्या बुडाशी उमटणारे डाग

नख जिथे दिसू लागते, तिथे ते तयार होत नाही. कातडीच्या घडीखाली, हाडाला जवळजवळ चिकटून, नखाचे मूळ असते. तिथल्या पेशी सतत वाढतात, चपट्या होतात आणि कठीण होऊन पुढे ढकलल्या जातात. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी दिसणारी फिकट चंद्रकोर हा या मुळाचा बाहेर डोकावणारा भाग. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने. त्यामुळे बुडाशी आज दिसणारी खाच किंवा ठिपका बहुधा काही आठवड्यांपूर्वी आत घडलेल्या गोष्टीचा असतो, आणि तो पुढे सरकतो की जागचा हलत नाही यावरून त्याची अर्धी ओळख पटते.

पांढरे ठिपके सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपद्रवी. बगळ्यांची रांग दिसली की नखे एकमेकांवर घासून त्यांच्याकडे ही नखावरची ‘फुले’ मागणारी मुले महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होती. जपानातही असा ठिपका शुभ मानण्याची समजूत आहे. तो कॅल्शियमच्या कमतरतेने येतो हा समज मात्र चुकीचा, आणि त्यापायी गोळ्या घेणे व्यर्थ. मुळाला किरकोळ मार बसला, बुडाची कातडी सारखी मागे ढकलली किंवा नखे कुरतडली, तर काही पेशी नीट पक्व होत नाहीत. त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि ती जागा पांढरी दिसते. ठिपका नखाबरोबर पुढे जातो आणि एक दिवस कापला जातो.

सर्व नखांवर एकाच अंतरावर आडवी खाच पडली असेल, तर मोठ्या आजारात मुळाचे काम काही काळ थांबले होते असे समजावे. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये हे नोंदवले. २०११ मध्ये जपानात कॉक्सॅकी ए-६ विषाणूमुळे मुलांमध्ये हात-पाय-तोंडाच्या आजाराची मोठी साथ आली. ताप आणि पुरळ विसरले गेल्यावर, महिना-दोन महिन्यांनी, कित्येक मुलांची नखे बुडापासून सुटून गळाली. पालक घाबरले, पण नवी नखे आपोआप आली.

इतर रंगांचे थोडक्यात सांगता येते. चंद्रकोर लाल होणे हृदयविकारात, संधिवातात किंवा चाई पडण्याच्या विकारात दिसते. निळी होणे शरीरात तांबे साचणाऱ्या विल्सनच्या आजारात. नखाचा बुडाकडचा अर्धा भाग पांढरा आणि टोकाकडचा तपकिरी दिसला, तर मूत्रपिंडे तपासावीत. सतत पाण्यात हात असणाऱ्यांना वारंवार नखुरडे होते, बुडाची कातडी सुजते आणि नखाची कड हिरवट-काळी पडते. आणि निळसर-लाल ठिपका, ज्याला गार पाणी लागताच असह्य कळ येते, तो बहुधा नखाखालच्या रक्तवाहिन्यांच्या एका छोट्या, सौम्य गाठीचा असतो. अनेक रुग्ण ही कळ वर्षानुवर्षे सोसतात. खरे तर लहान शस्त्रक्रियेने ती थांबते.

अधिक वेळ द्यावा असा विषय काळ्या रंगाचा. दारात बोट चेमटले की नखाखाली रक्त साकळते. त्याचा डाग नखाबरोबर सरकतो आणि मागे, बुडाशी, स्वच्छ नख उगवते. बुडापासून टोकापर्यंत अखंड जाणारी उभी तपकिरी पट्टी वेगळी: मुळातल्या रंगपेशी मेलॅनिन बनवत राहतात, म्हणून ती पुसली जात नाही. सावळ्या आणि गव्हाळ वर्णाच्या लोकांत अशा पट्ट्या सर्रास असतात. प्रौढ जपानी लोकांतही साधारण १० ते २० टक्क्यांत त्या आढळतात. अनेक बोटांवर, वर्षानुवर्षे, फिकट आणि न बदलणाऱ्या पट्ट्या बहुधा निर्धोक. कर्करोगावरच्या आणि एचआयव्हीवरच्या काही औषधांनीही त्या येतात. शाकाहारी घरांत आणखी एक कारण लक्षात ठेवावे: ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की बोटांची पेरे आणि नखे काळवंडतात, आणि उपचारानंतर काही महिन्यांत रंग ओसरतो.

एकाच बोटावरची, उतारवयात नव्याने आलेली, रुंदावत जाणारी पट्टी मात्र या यादीत बसत नाही. ती ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, बुडाकडे अधिक रुंद असेल, आणि काळेपणा नखाबाहेर बुडाच्या कातडीवर पसरला असेल, तर नखाच्या मेलॅनोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाची, शंका घ्यावी. कातडीवरची ही खूण लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये वर्णिली. पारदर्शक कातडीतून खालचा रंग नुसता दिसत असेल तर ती खरी खूण नव्हे. हा फरक तज्ज्ञानेच करावा. काही मेलॅनोमांना रंगच नसतो. ते न भरणाऱ्या जखमेसारखे किंवा चिरलेल्या नखासारखे दिसतात.

गोऱ्या लोकांतला मेलॅनोमा प्रामुख्याने उन्हाशी जोडलेला आहे. जपानात हा कर्करोग मुळात विरळ, पण झाला तर मोठ्या प्रमाणात तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली होतो, म्हणजे ऊन न लागणाऱ्या जागी. नखांत तो हाताच्या आणि पायाच्या अंगठ्याला अधिक गाठतो. शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की तळपायावरचे मेलॅनोमा अधिक दाब पडणाऱ्या भागांत एकवटलेले असतात. नखांबाबत दाबाची भूमिका तितकी स्पष्ट झालेली नाही. भारतीयांतही हाता-पायांवरचाच प्रकार महत्त्वाचा, त्यामुळे जपानी अनुभव मराठी वाचकाला युरोपीय पाठ्यपुस्तकापेक्षा जवळचा आहे.

त्या अनुभवाचे एक केंद्र तोक्योच्या कोतो प्रभागात आहे. आरिआके या भराव टाकून केलेल्या जमिनीवरचे कर्करोग रुग्णालय २००५ मध्ये ओत्सुकाहून तिथे आले. त्याची मातृसंस्था १९०८ची आणि रुग्णालय १९३४चे. संस्थेच्या उभारणीत यामागिवा कात्सुसाबुरो यांचा वाटा होता. सशांच्या कानांना चिकाटीने डांबर लावून प्रयोगात कर्करोग निर्माण करता येतो, हे त्यांनी आणि इचिकावा कोइची यांनी १९१५ मध्ये सिद्ध केले.

तपासणी डर्मोस्कोपने सुरू होते. हे भिंग पट्टीतल्या रेषांचा रंग, जाडी आणि अंतर समान आहे का ते दाखवते. शंका उरली तर मुळाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नुसते नख कापून निदान होत नाही. रोग वरच्या थरातच असेल तर नख आणि त्याखालची कातडी काढून त्वचारोपण करतात आणि बोट राहते. पूर्वी बोट कापणे हाच रिवाज होता. हाडापर्यंत न गेलेल्या रोगातही बोट वाचवता येईल का, याची रीतसर चाचणी जपानी केंद्रांनी हाती घेतली. पसरलेल्या मेलॅनोमासाठी निव्होलुमॅब हे औषध जपानने २०१४ मध्ये मान्य केले. नखाच्या प्रकारात मात्र त्याचा गुण उन्हाशी जोडलेल्या प्रकारापेक्षा कमी येतो, म्हणून लवकर निदानाला पर्याय नाही.

कोतो आणि शेजारच्या एदोगावा भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथे पहिली भेट जवळच्या त्वचारोग दवाखान्यात, म्हणजे ‘हिफुका’त, घ्यावी आणि तिथून शिफारसपत्र घ्यावे. पत्राविना थेट मोठ्या रुग्णालयात गेल्यास ऑक्टोबर २०२२ पासून अनेक ठिकाणी किमान ७,००० येन जादा द्यावे लागतात. जाण्यापूर्वी नेलपॉलिश पुसावे, आणि नखाशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेली आधीची छायाचित्रे न्यावीत. मुलांच्या नखांवरील पट्ट्या गडद आणि रुंद असल्या तरी बहुतेकदा सौम्य असतात, काही पुढे फिकटही होतात. त्यामुळे मुलांत तुकडा काढण्याची घाई न करता ठरावीक अंतराने पाहत राहण्याकडे जपानी त्वचारोगतज्ज्ञांचा कल असतो.