शिट्टी नव्या हातात देताना
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



खेळाचा विषय निघाला की आपण खेळाडूंविषयी बोलतो. खडकीच्या धनराज पिल्ले यांचे नाव लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचे रघुप्रसाद आणि जावेद शेख यांनी हॉकीचे पंच म्हणून काम केले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? दोन्ही संघ मैदानात उतरले तरी पंचांवाचून सामना सुरू होत नाही. मुलांच्या हॉकीत नवे पंच घडविण्याचे काम करणारे आम्ही कार्यकर्ते म्हणूनच आज या दुर्लक्षित विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

वस्तीतल्या सामन्यांत शिट्टी पुष्कळदा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात असते. हॉकीत पंच दोनच. प्रत्येकाने मुख्यतः आपले अर्धे मैदान सांभाळायचे. मोठ्या स्पर्धांत चित्रफीत पाहून निर्णय तपासता येतो. आपल्या मैदानावर ती सोय नाही. डोळ्यांनी पाहायचे आणि क्षणात ठरवायचे. त्यात कडेला उभी असलेली मोठी माणसे ओरडत असतात. त्यांतले काही जण जुन्या काळी खेळलेले असतात. हॉकीतला ऑफसाइडचा नियम १९९८ साली कायमचा गेला, तरी 'ऑफसाइड, ऑफसाइड' हा पुकारा अजून कानी येतो. नियम मुलाला ठाऊक असतो, पण बापाच्या वयाच्या माणसाला उत्तर द्यायचे धैर्य त्याला कोठून येणार? दोन-तीन रविवार असे गेले की तो शिट्टी ठेवून देतो. मग संघांचे प्रशिक्षकच पंच होतात, प्रत्येक निर्णयावर संशय येतो आणि खेळाचे भांडण होते.

यावर आम्ही अवलंबिलेला मार्ग साधा आहे. नव्या पंचाला प्रथम लहान मुलांचे सामने द्यावेत आणि दुसऱ्या अर्ध्या मैदानावर अनुभवी पंच असावा. तिसऱ्या एका जाणत्या माणसाने, म्हणजे मार्गदर्शकाने, कडेला प्रशिक्षक व पालकांजवळ उभे राहावे. ज्याची तक्रार असेल त्याने ती मार्गदर्शकाला सांगावी, मुलाला नाही. मात्र मार्गदर्शकाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे : मुलाने दिलेला निर्णय त्याने बाहेरून फिरवू नये. एकदा निर्णय बाहेरून फिरला की पुढे प्रत्येक शिट्टीनंतर सगळे कडेलाच पाहू लागतात. आमच्या मते मार्गदर्शनाचा सारा कस येथेच लागतो.

चुका सामना संपल्यावर बोलाव्यात, आणि चारचौघांत बोलू नयेत. एक उदाहरण देतो. चेंडू पायाला लागला की प्रेक्षक 'पाय, पाय' असा गलका करतात आणि नवा पंच घाबरून शिट्टी वाजवतो. परंतु चेंडू पायाला लागणे हा दर वेळी गुन्हा नसतो. त्या खेळाडूला किंवा त्याच्या संघाला त्याचा फायदा झाला का, हे पाहावे लागते. अशा वेळी 'तू चुकलास' म्हणण्याऐवजी मार्गदर्शकाने विचारावे, 'त्या पायाने कुणाचा फायदा झाला?' मूल आठवते, विचार करते आणि आपले उत्तर आपणच शोधते. पुढच्या सामन्यात त्याची शिट्टी गलक्याच्या मागे धावत नाही. एका दिवशी सुधारण्यासारखी एकच गोष्ट सांगावी, आणि चांगली झालेली एक गोष्ट आवर्जून सांगावी.

कार्डांचेही तसेच. हिरव्या कार्डाने खेळाडू २ मिनिटे बाहेर जातो, पिवळ्याने किमान ५ मिनिटे, लालने उरलेल्या सामन्यासाठी. नवा पंच एक तर कार्ड काढायला भितो, नाही तर रागाने काढतो. अनेकदा ठसठशीत शिट्टी आणि कर्णधाराशी बोललेले दोन शब्द पुरतात, हे त्याला अनुभवी माणसाकडूनच शिकता येते.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येकाला संघात जागा मिळेलच असे नाही. पण न्याय देण्याचे काम शिकण्याची जागा सर्वांना खुली आहे, मुलींनाही तितकीच. चिडलेल्या माणसासमोर आवाज न चढवता आपल्या निर्णयावर उभे राहणे हे शिक्षण पुढे नोकरीत, सभेत, संसारात उपयोगी पडते.

पालकांना आणि सभासदांना आमची विनंती एवढीच : पंचाचा प्रवासखर्च व चहापाणी त्याच दिवशी द्या, सामना संपल्यावर त्याच्याशी हात मिळवा, आणि खेळ चालू असताना त्याला ओरडू नका. तोही कुणाचा तरी मुलगा आहे, तीही कुणाची तरी मुलगी आहे. पुढच्या रविवारी ते मूल शिट्टी घेऊन परत मैदानावर आले, तर आपले सर्वांचे काम झाले असे आम्ही समजू.